मांजर आहे, ओकणारच?

मांजरवाल्यांच्या घरात एक वाक्य अगदी सहज कानावर येतं : ‘काही नाही हो, मांजरं ओकतातच.’ पाहुण्यांसमोर मांजर अंग चोरून बसतं, मान पुढे काढतं, पोट आत-बाहेर करत चार-सहा उमासे देतं आणि अख्खी फरशी मोकळी असताना नेमकं सतरंजीवर ओकून निघून जातं. घरातलं कोणीतरी ओलं फडकं आणतं, कोणी जुनं वर्तमानपत्र. (ही पुरवणीही कधीतरी त्या कामी येईल; आमची हरकत नाही.) दोन मिनिटांत विषय संपतो.

ते वाक्य निम्मं खरं आहे. ओकण्याच्या बाबतीत मांजराचं शरीर खरोखरच तयारीचं आहे. पण दर आठवड्याला ओकणारं मांजर ‘असतंच तसं’, ही समजूत पशुवैद्यकाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीचशी मोडीत काढली आहे. आपल्या घरांपर्यंत ती बातमी अजून नीटशी पोहोचलेली नाही.

आधी ओकणं म्हणजे काय ते पाहू. उंदीर ओकू शकत नाही, घोडाही नाही. मांजर, कुत्रा आणि माणूस यांना ते जमतं, कारण पोटात गेलेलं विष बाहेर फेकण्याची यंत्रणा त्यांच्यात शाबूत आहे. तिची सूत्रं मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असतात. तिथला एक छोटा भाग रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या गाळणीच्या बाहेर बसलेला आहे, त्यामुळे रक्तात काही वावगं आलं की त्याला लगेच वास लागतो. दुसरी खबर आतड्यांकडून व्हेगस मज्जातंतूमार्फत येते. आदेश सुटला की आधी तोंडाला पाणी सुटतं. मांजर ओठ चाटतं, पुन्हा पुन्हा गिळतं. मग लहान आतड्याच्या मध्यापासून एक जोरकस उलटी लाट निघते आणि आतड्यातला ऐवज जठरात आणून टाकते. रिकाम्या पोटी ओकल्यावर पिवळं पित्त पडतं ते म्हणूनच. त्यानंतर पोटाचे स्नायू आणि श्वासपटल एकदम आवळतात, तेच उमासे. शेवटच्या झटक्याला अन्ननलिकेभोवतीचा श्वासपटलाचा भाग सैल पडतो आणि सगळं बाहेर येतं.

एवढं सांगायचं कारण, पुष्कळदा आपण ज्याला उलटी म्हणतो ती उलटी नसतेच. मांजराने बशीभर खाल्लं, पाच मिनिटांत मान खाली घातली आणि उमासे न देता न पचलेले दाणे जसेच्या तसे खाली सोडले, तर अन्न बहुधा जठरापर्यंत पोहोचलंच नव्हतं. दोष असलाच तर अन्ननलिकेत, किंवा नुसता खाण्याच्या घाईत. आमच्याकडचा बोका या घाईवाल्यांपैकी. त्याचं सुकं खाणं वाटीऐवजी मोठ्या ताटात पसरून द्यायला लागल्यावर त्याला एकेक दाणा टिपावा लागला आणि सकाळचा तो कार्यक्रम जवळजवळ बंद झाला. निसर्गात मांजर दिवसभरात दहा-वीस वेळा थोडं थोडं खातं. आपण त्याला माणसासारखं दोन वेळा जेवायला बसवतो. पोटाचे स्नायू हलले की नाही, हा फरक डोळ्यांनी दिसतो आणि डॉक्टरांना पहिली दिशा त्यावरूनच मिळते.

आता केसांचं प्रकरण. मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते ती तिच्यावरच्या बारीक काट्यांमुळे. आपल्या नखांत असतं तेच केराटिन या काट्यांत असतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरगुती मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींच्या जिभा सूक्ष्म सीटी स्कॅनखाली पाहिल्या. २०१८ साली त्यांनी दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पोकळ, पन्हाळीसारखी असतात. त्यांत लाळ आपोआप भरते आणि चाटताना थेट कातडीपर्यंत पोहोचते. जागेपणीचा साधारण पाव वेळ मांजर अंग चाटण्यात घालवतं. स्वच्छतेसाठी ही जीभ उत्तमच, पण काटे घशाच्या दिशेने वळलेले आहेत. त्यांत अडकलेला केस मांजराला थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो.

गिळलेले केस पचत नाहीत, पण बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातात. कुत्र्याच्या पोटात उपाशी वेळी एक जोरदार झाडूलाट फिरते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. मांजरात ती लाट बरीच दुबळी, त्यामुळे काही केस जठरातच रेंगाळतात, एकमेकांत गुंततात आणि एक दिवस बाहेर येतात. बाहेर आलेला ‘गोळा’ गोल क्वचितच असतो. बोटाएवढी लांब, काळपट, ओली, नमद्यासारखी घट्ट वळी असते ती. अन्ननलिकेतून पिळून निघताना तिला तो आकार येतो. नवखी माणसं तिला विष्ठाच समजतात.

प्रश्न किती वेळा, हा आहे. ब्रिटिश पशुवैद्य मार्था कॅनन यांनी २०१३ साली या विषयाचा आढावा घेतला. आखूड केसांच्या मांजरांपैकी जेमतेम दहा टक्के वर्षातून दोन किंवा अधिक वेळा केसांचा गोळा ओकतात. लांब केसांच्या मांजरांत हे प्रमाण सुमारे दुप्पट. म्हणजे आपल्याकडचं साधं, आखूड केसांचं मांजर महिन्यातून दोनदा केस ओकत असेल, तर ते नेहमीचं लक्षण मानता येणार नाही. एक तर ते जास्त केस गिळतंय, म्हणजे अंगाला खाज, पिसवा किंवा मनाला ताण. नाही तर केस पुढे सरकत नाहीयेत, म्हणजे आतड्यात काही बिनसलं आहे. केस फक्त साक्षीदार असतात आणि आपण त्यांनाच आरोपी धरून बसतो.

त्याच वर्षी टेक्सासमधले मांजरतज्ज्ञ गॅरी नॉर्सवर्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. वारंवार ओकणारी, वजन उतरलेली किंवा जुनाट जुलाब असलेली आणि सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत जाड दिसलेली १०० मांजरं त्यांनी घेतली, शस्त्रक्रिया करून आतड्याचे तुकडे तपासले. ९९ मांजरांत खराखुरा आजार निघाला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांत जुनाट सूज होती आणि जवळपास निम्म्यांत लिंफोमा, म्हणजे कर्करोग. हा आकडा वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ही मांजरं सोनोग्राफीत आधीच संशयित ठरलेली होती. गल्लीतलं प्रत्येक ओकणारं मांजर त्यांच्यात मोडत नाही. मात्र ‘केस असतील’ म्हणत वर्षानुवर्षं वाट पाहणं किती महाग पडू शकतं, ते या अभ्यासाने स्पष्ट केलं. या लिंफोमाचा मंद गतीने वाढणारा प्रकार मांजरात बराच आढळतो. तो स्टेरॉइड आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि पुष्कळ मांजरं त्यानंतर दोन वर्षं किंवा जास्तही चांगली जगतात. अर्थात, निदान वेळेत झालं तर.

पण निदानाची सुरुवात बशीपासून होते, बायोप्सीपासून नाही. जुनाट पोटाच्या तक्रारी असलेल्या मांजरांचा ग्रँट गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अभ्यास केला. त्यांतल्या २९ टक्के मांजरांना कुठलं तरी अन्न सोसत नव्हतं, आणि ते बदलल्यावर बहुतेकांना काही दिवसांतच आराम पडला. मांजराला न सोसणाऱ्या पदार्थांत मासे आणि चिकन वरच्या क्रमांकावर आहेत, हे ऐकून कोकणातल्या घरांना धक्का बसेल. यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने एकच नवं प्रथिन काही आठवडे द्यायचं असतं. त्या काळात बांगड्याचं डोकं नाही, आजीच्या ताटातला तुकडा नाही. घरातली एक व्यक्ती जरी फितूर झाली तरी प्रयोग वाया. दूध-पोळीचंही तेच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांत दुधातली साखर पचवणारं एन्झाइम पुरेसं उरत नाही. पोळीचं तर शुद्ध मांसाहारी प्राण्याला कामच नाही.

हराळी खाऊन ओकणाऱ्या मांजराला मात्र उगीच रागावू नये. कॅलिफोर्नियात बेंजामिन हार्ट यांनी हजारावर मांजर पाळणाऱ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा बहुतेकांची मांजरं गवत खाणारी निघाली. त्यांतली दहांपैकी नऊ खाण्याआधी आजारी दिसत नव्हती आणि खाऊन ओकणारी साधारण पावच होती. पोट बिघडलं म्हणून मांजर औषधी गवत शोधतं, ही गोष्ट ऐकायला गोड आहे एवढंच. हार्ट यांच्या मते पूर्वजांना आतड्यातले जंत बाहेर काढायला या सवयीचा उपयोग होत असावा. जंतांवरून आठवलं : जठरात राहणारा एक कृमी झुरळं आणि भुंग्यांमधून मांजरात येतो आणि एखाददुसरा कृमीसुद्धा मांजराला महिनोन्महिने ओकायला लावू शकतो. झुरळाची शिकार कौतुकाने पाहणाऱ्यांनी जंताचं औषध वेळेवर द्यावं.

वय झालेल्या मांजराचा हिशोब वेगळा. दहा वर्षांपुढे मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो. पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, वजन उतरणं आणि मधूनमधून ओकणं ही त्याची चाल. थायरॉइड वाढलेलं मांजर याच्या उलट दिसतं : भूक राक्षसी, उड्या जोरात, आणि तरी हाडं वर. हा आजार मांजरात पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९७९ साली, अमेरिकेत. दोन्हींचा अंदाज साध्या रक्ततपासणीत येतो.

काही गोष्टींत वाट पाहायचीच नसते. सगळ्यात पहिला दोरा. गजऱ्याचा, शिवणाचा, पतंगाच्या मांज्याचा. जिभेच्या काट्यांमुळे तोंडात शिरलेला दोरा मांजर गिळतच जातं. त्याचं एक टोक पुष्कळदा जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं आणि नाडी ओढल्यावर लेंगा चुणतो तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा आतून आतड्याची भिंत कापतो. अशा वेळी मांजर एकसारखं ओकतं, खात नाही, कोपऱ्यात बसून राहतं. जिभेखाली किंवा गुदद्वारापाशी दोरा दिसला तर तो ओढू नये, कापूही नये. मांजराला तसंच उचलून दवाखाना गाठावा.

दुसरी लिली. पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या सुवासिक लिलीचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय अंगावर पडून चाटले गेलेले परागसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. काही तासांत उलट्या सुरू होतात आणि उपचार नाही मिळाले तर पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतं. तिसरी गोष्ट आपल्या घरच्या औषधाच्या डब्यातली. मांजर मलूल दिसलं, अंग गरम लागलं की पॅरासिटामॉलची पाव गोळी देणारे प्रेमळ लोक आहेत. हे औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमचं जनुकच मांजरात मोडलेलं आहे. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. लसीकरण न झालेलं पिल्लू ओकायला लागलं आणि मलूल पडलं तर पार्व्हो गटातल्या विषाणूची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

पोट बिघडलं की लंघन, हा आपला घरगुती नियमही मांजराला लावू नये. विशेषतः लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि कावीळ होऊन ते मरू शकतं.

मांजराचं वैद्यक मागे का पडलं, याचा माग परळमध्ये सापडतो. तिथलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुन्या मुंबईकरांना ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ठाऊक आहे. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते शहर ओढणाऱ्या बैल-घोड्यांच्या काळात. पशुवैद्यक आधी कामाच्या जनावरांसाठी वाढलं, मग दुभत्यांसाठी, मग कुत्र्यांसाठी. मांजर जगभर फार काळ छोटा कुत्रा समजूनच तपासलं गेलं. त्यात मांजर स्वतः दुखणं लपवण्यात पटाईत. दवाखान्यात ते पेटीच्या कोपऱ्यात दगडासारखं बसतं आणि डॉक्टरांसमोर एकदाही ओकत नाही.

म्हणून घरच्यांनी नोंद ठेवली पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओकल्याची तारीख लिहा, सोबत काय पडलं तेही : अन्न, केस, पित्त, फेस, की रक्त. फडकं फिरवण्याआधी फोटो काढा आणि उमासे सुरू झाले की मोबाइलवर व्हिडिओ घ्या. महिन्यातून एकदा मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरणं. महिन्यात दोन-तीन वेळा ओकल्याच्या तारखा सलग दिसल्या, किंवा वजन घसरताना दिसलं, तर ते कॅलेंडर आणि तो मोबाइल घेऊन पशुवैद्यांकडे जा आणि केसांसाठीची पेस्ट मागण्याऐवजी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करायची का, असं विचारा.