सुंभाचा पीळ, नाताळचं झाड

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. वाशीतल्या आमच्या शेजारच्या आंटी, मुलं परदेशी गेल्यावर, 'आता नाताळचं झाड कशाला?' म्हणाल्या, तेव्हा मीही हट्टाला पेटलो.

घरातला सुंभ उकलला. काथ्या म्हणजे कुजवलेल्या नारळाच्या सोडणाचे धागे, मुळात ताठ. त्यांचे बोटभर तुकडे करून दुमडलेल्या तारेच्या दोन पदरांत दाटीनं आडवे पसरले. टोकं पकडीत धरून तार पिळली, तसे धागे गोल फिरून चहूबाजूंनी उभे राहिले. बाटली घासायचा ब्रशच जणू! कात्रीनं वर निमुळता कातरून बुचात रोवला. डिंक नको, गाठ नको. पीळ मात्र घट्ट हवा, नाहीतर धागे गळतात.

झाड आंटींच्या खिडकीत उभं राहिलं. आमच्या ईदच्या शीरखुर्म्याचं भांडं त्यांच्याकडेच राहिलं होतं. संध्याकाळी ते केक घेऊन परत आलं.