प्राणवायूची वाढ आणि दोन औषधांची जोड

गोदाम मालाने भरलेले असावे आणि गाडी भलत्याच रिकाम्या गोदामाशी जाऊन उभी राहावी, यातील नुकसान व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. तीव्र फुप्फुसविकारात असेच घडते. करोनाच्या साथीत आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी यंत्रावरील प्राणवायूच्या आकड्याकडे डोळे लावून रात्री काढल्या. त्या आकड्याचा अर्थ समजावा, एवढाच आमचा हेतू आहे.

या विकाराचे वर्णन १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी बारा रोग्यांवरून केले. न्यूमोनिया, जंतुदोष किंवा मोठा अपघात यांमुळे फुप्फुसातील वायुकोश पाण्याने भरतात. तेथे हवा पोहोचत नाही; रक्त मात्र वाहतच राहते आणि प्राणवायू न घेताच परतते. हवा नसेल तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकुंचन पावतात, ही निसर्गाची योजना ऑयलर व लिल्येस्ट्रँड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांनी दाखविली. या विकारात ती योजना पुष्कळदा दुबळी पडते.

येथे दोन औषधांची जोड उपयोगी पडते. नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासावाटे देतात. तो उघड्या वायुकोशांतच पोहोचतो व तेथील रक्तवाहिन्या रुंद करतो. रक्तात शिरताच निष्प्रभ होत असल्याने शरीरातील इतर रक्तदाब तो सहसा उतरवीत नाही. अल्मिट्रीन हे औषध शिरेतून देतात. ते हवा नसलेल्या भागातील आकुंचन वाढविते. एक औषध भरल्या गोदामाची वाट रुंद करते, दुसरे रिकाम्या गोदामाची वाट अडविते. १९९० नंतरच्या दशकात फ्रान्समधील डॉक्टरांनी ही दोन्ही एकत्र दिली, तेव्हा अनेक रोग्यांच्या रक्तातील प्राणवायू एकट्या औषधापेक्षा अधिक वाढला.

परंतु गल्ल्यात रोकड वाढली म्हणजे नफा झालाच असे नव्हे. नायट्रिक ऑक्साइडने आरंभी प्राणवायू वाढतो, पण मृत्यू कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले नाही. उलट मूत्रपिंडास अपाय होण्याचा धोका आढळला. याउलट २००० सालच्या अमेरिकन चाचणीत यंत्राने लहान श्वास दिलेल्या रोग्यांपैकी ३१ टक्के दगावले, मोठे श्वास दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. नवल असे की, पहिल्या दिवसांत प्राणवायूचा आकडा मोठे श्वास मिळालेल्यांचाच चांगला होता! पुढे २०१३ साली फ्रान्समधील चाचणीत रोग्यांस रोज दीर्घकाळ पालथे निजविल्याने अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले.

म्हणून औषधांची जोड ही अडचणीच्या वेळी घेतलेली उसनवार होय. तिने काही तास निभावतात. तेवढ्यात मूळ रोगावर उपाय व फुप्फुसास विसावा मिळाला पाहिजे. आप्तांनी डॉक्टरांस “आकडा किती चढला?” एवढेच न विचारता, “या मिळालेल्या अवधीत पुढे काय करावयाचे?” असेही विचारावे, ही आमची नम्र सूचना आहे.