तिसरा अंक सहसा निघत नाही

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा जाडजूड वार्षिकं असावीत. पुण्यातल्या स. प. महाविद्यालयाचं ‘परशुरामीय’ किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचं ‘अभियंता’. त्या अंकांना मरण नाही. प्रवेशाच्या पावतीतच अंकाचे पैसे घेतलेले असतात, प्राचार्यांचं मनोगत ठरलेलं असतं, वर विद्यापीठाची नियतकालिक स्पर्धाही असते. मला ओढ आहे ती दुसऱ्या जातीची: होस्टेलच्या खोलीत ठरलेले, वर्गणीवर निघालेले आणि दोन-तीन अंकांत आटोपलेले.

पुणे विद्यापीठ १९४९ चं. हा उद्योग त्याहून बराच जुना. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेतून १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघालं आणि चक्क सतरा वर्षं टिकलं. पण तो अपवाद. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच शहरात अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि विशीही न गाठलेले दिलीप चित्रे यांनी ‘शब्द’ काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. लघुनियतकालिकांच्या चळवळीत कवींचं कौतुक पुष्कळ झालं. माझ्या मते निम्मं श्रेय त्या यंत्राचं आहे.

मेण चढवलेला पातळ स्टेन्सिल कागद टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सारायची आणि टंकायचं. ठोका बसला की मेण सरकतं आणि पुढे तिथूनच शाई झिरपते. देवनागरी टंकयंत्रावर जोडाक्षरांची ओढाताण, चित्रं तर अशक्यच. त्यामुळे लोखंडी टोकाच्या लेखणीने हातानेही लिहीत. जोर जरा जास्त झाला की ‘ठ’च्या पोटातला तुकडाच निसटे आणि पानभर काळे ठिपके उमटत. चूक झाली तर त्यावर लाल द्रव फासायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि पुन्हा लिहायचं. मग स्टेन्सिल ड्रमवर ताणून हँडल फिरवायचं. काही शे प्रतींनंतर अक्षरं फुगायला लागत. कागद खरखरीतच हवा, कारण गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही. पण खिळे जुळवणारा नको, फर्म्याचा हिशोब नको, छापखान्याची उधारी नको. विद्यार्थ्याला आणखी काय हवं असतं?

कायद्याचं मात्र लफडं होतं. १८६७ च्या कायद्यानुसार नियमित पत्र काढायचं तर दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावं लागे. नोंदणी क्रमांक नसेल तर टपालाची सवलत नसे. त्यावर ‘खासगी वितरणासाठी’ ही ओळ छापणं, किंवा स्वतःला सरळ अनियतकालिक म्हणवून घेणं, हा उपाय.

पुण्याचं नातं इथे येतं. फर्ग्युसन आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले भालचंद्र नेमाडे पुढे औरंगाबादेत ‘वाचा’ या अनियतकालिकात होते. सत्तरच्या दशकात पुण्यातच सुधीर बेडेकर आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी ‘मागोवा’ चालवलं. ते निव्वळ विद्यार्थ्यांचं नव्हतं, पण त्याचा वाचक बराचसा तोच.

बंद पडण्याची कारणं साधी. पदवी तीन वर्षांची. पहिलं वर्ष कँटीन सापडण्यात जातं, दुसऱ्या वर्षी अंक निघतो, तिसऱ्या वर्षी संपादकाची परीक्षा असते. जाहिरात देणारा झेरॉक्सवाला दुसऱ्यांदा पैसे देत नाही. याचं मला फार दुःख नाही; वीस वर्षं रेटलेली मासिकं वाचवत नाहीत.

काळजी वेगळीच आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशनांच्या प्रती देशातल्या चार ग्रंथालयांत जायला हव्यात. पण वर्गणीतून काढलेला अंक कोण कोलकात्याला पाठवणार? निदान सायक्लोस्टाइलचा कागद कुणाच्या माळ्यावर सापडला, तर पिवळा का होईना, वाचता येतो. नव्वदीनंतरच्या अंकांचं तेही नाही. ते संगणकावर जुळले, आणि त्यासाठीची साधनं पुण्यातच घडली: सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरचं श्री-लिपी. युनिकोड रुळण्याआधीची ही व्यवस्था. एकाच अक्षराला एका फॉन्टमध्ये एक क्रमांक, दुसऱ्यात भलताच. मूळ फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर कवितेच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण आधी फॉन्ट ठाऊक हवा. तो माहीत असायचा डीटीपीवाल्याला. त्याचं दुकान बंद होऊन वर्षं झालेली असतात, आणि अंकावर संपादक मंडळातल्या दहा जणांची नावं असली तरी फॉन्टचं नाव सहसा कुणी छापत नाही.