मुलासाठी एअर रायफल घ्यायचीय? दुकानात जाण्याआधी हे समजून घ्या

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने कांस्यपदक पटकावलं. घरात नेमबाजीचं वेड शिरायला असं एखादं पदक पुरेसं असतं. मूल म्हणतं, मलाही रायफल हवी. मग आई-बाबा मोबाइलवर ‘बेस्ट एअर रायफल’ शोधायला लागतात. समोर येतात त्या दुर्बीण लावलेल्या, ‘हाय पॉवर’ असा शिक्का मिरवणाऱ्या बंदुका. खेळासाठी यातल्या बहुतेक निरुपयोगी आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. स्वप्नीलचं पदक ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारातलं. त्यात काडतुसाची रायफल असते आणि तिला शस्त्र परवाना लागतो. एअर रायफलचा ऑलिम्पिक प्रकार १० मीटरचा. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते यात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला तोही यातच. नवशिक्यांची सुरुवात बहुधा इथूनच होते.

ताकद जास्त म्हणजे रायफल चांगली?

नाही. १० मीटरच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणजे वाक्याच्या शेवटी येणाऱ्या पूर्णविरामाएवढा. छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा. स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला अंदाजे १७० मीटर वेगाने सुटतो. गणित केलं तर ऊर्जा येते जेमतेम साडेसात ज्यूल. जगज्जेत्याच्या हातातली रायफलही एवढीच ‘कमजोर’ असते, कारण समोर फक्त कागद आहे. महत्त्वाचं आहे ते साठपैकी प्रत्येक छर्रा त्याच वेगाने सुटणं.

स्वस्त रायफल नेमकी इथेच मार खाते. काही हजारांत मिळणाऱ्या बहुतेक एअर रायफल स्प्रिंगच्या असतात. नळी मोडून स्प्रिंग दाबायची. घोडा ओढला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि हवा दाबतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनच्या या धावपळीने बंदूक मागे-पुढे हिसकते. नेम बरोबर असूनही छर्रा भलतीकडे जातो आणि चूक आपली की बंदुकीची, हे शिकणाऱ्या मुलाला कळतच नाही.

स्पर्धेत चालतात त्या पीसीपी रायफल. नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते आणि प्रत्येक वेळी तिचा मोजका घोट सुटतो. हिसका जवळपास नाहीच. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अँशुट्झ ही यातली जर्मन नावं. किंमत साधारण दोन लाखांच्या पुढे. प्रीसीहोलसारख्या भारतीय कंपन्यांचे पर्याय बरेच स्वस्त पडतात आणि सरावाच्या पहिल्या टप्प्यात त्यांना नाक मुरडण्याचं कारण नाही.

दुर्बीण विसरा. १० मीटर स्पर्धेत ती चालत नाही. मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या गोल कडीत लक्ष्य बसवायचं, याला पीप साइट म्हणतात. आपल्याकडे नवोदितांसाठी साध्या ओपन साइटचा वेगळा गटही असतो. मूल कोणत्या गटात उतरणार, हे प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय खरेदी करू नये.

परवाना लागतो का?

नळी .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर खरेदीला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यावं. जाहिरातीतल्या .२२ च्या किंवा जास्त ताकदीच्या एअर रायफलना मात्र परवाना लागतो. ऑनलाइन मागवली म्हणून कायदा सैल होत नाही. शेतावर पक्षी टिपायला रायफल हवी असेल तर विषय इथेच संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग बंदूक कितीही छोटी असो.

आधी अंग मोजा, मग रायफल

स्पर्धेत एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. ६० छर्ऱ्यांसाठी ७५ मिनिटं मिळतात, तीही उभ्याने. बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर मोठ्यांची रायफल ठेवली तर ती कंबर मागे टाकून तोल सांभाळायला शिकते आणि पाठदुखी मागे लागते. ज्युनियर मॉडेल हलकी असतात. दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी सरकवता येते का, हेही पाहा. मुलं वाढतात, लाकडाचा दस्ता वाढत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: प्रबळ डोळा. दोन्ही पंजे जुळवून छोटी फट करा, तीतून दूरची वस्तू पाहा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. अशा मुलाने रायफल कोणत्या खांद्याला लावायची, हे प्रशिक्षक ठरवतो. दस्ते उजवे-डावे वेगळे येतात, त्यामुळे हे ठरण्याआधी केलेली खरेदी वाया जाऊ शकते.

म्हणूनच पहिले काही महिने रेंजवरची रायफल वापरणं सगळ्यात शहाणपणाचं. बहुतेक रेंजवर ती नवशिक्यांना मिळते. हातात पैसे असतीलच तर आधी मापाचं जॅकेट आणि बूट घ्या. उभ्या स्थितीत पाठीला आधार देतं ते जॅकेट, रायफल नव्हे.

जुनी रायफल घेताना

जुनी जर्मन रायफल हा खरं तर उत्तम सौदा असू शकतो. पण किमतीवर घासाघीस करण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. या कंपन्यांच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नवा घ्यावा लागणार असेल तर ती रक्कम किमतीतून वजा झाली पाहिजे.

हवा कुठून भरणार, हेही आधीच ठरवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या आसपास थांबतो, इथे त्याच्या वीसपट दाब लागतो. त्यासाठी खास हातपंप किंवा पाणबुड्यांच्या टाकीसारखी मोठी टाकी लागते. तालुक्याच्या गावी ती टाकी भरून मिळेलच असं नाही. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तर चुकूनही भरू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला लागला की स्फोट होऊ शकतो.

छर्ऱ्यांचा खर्च सुरूच राहतो. रोज १०० छर्रे मारले तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो. चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. ब्रँड तोच असला तरी बॅच बदलली की नळीशी जमेलच असं नाही, म्हणून एकदम दहा डबे घेण्याआधी एक डबा मारून पाहावा. आणि छर्रे बहुधा शिशाचे असतात, सराव संपल्यावर डबा उघडायच्या आधी मुलांना साबणाने हात धुवायला लावा.