शाळा सुटल्यानंतर

सायंकाळी शेवटची घंटा होते, मुले दप्तरे उचलून घराकडे धावतात आणि शिपाई एकेक खोली बंद करून फाटकाला कुलूप लावतो. हे दृश्य इतके नित्याचे आहे की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे आपल्याला वाटतही नाही. परंतु थोडा हिशेब करून पाहा. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षातून निदान १००० तास शिकवावे लागते. वर्षाचे एकूण तास ८७६०. झोपेचे रोजचे आठ तास वगळले, तरी ५८४० तास उरतात. म्हणजे एकाच पाळीत भरणारी शाळा घेतली, तर लोकांच्या पैशातून उभारलेली ती इमारत जागेपणीच्या काळाचा जेमतेम सहावा हिस्सा अध्यापनाच्या कामी येते.

नागपूरच्या पूर्व भागात नंदनवन नावाची मोठी वस्ती आहे. पुराणातील नंदनवन म्हणजे इंद्राचे उद्यान. तेथे कोणाला जागेची अडचण पडल्याचे ऐकिवात नाही! शहरातील वस्त्यांची गोष्ट निराळी असते. तेथे ऐसपैस बंगले असतात, तशीच एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार चालतो अशीही घरे असतात. स्वयंपाक, पाहुण्यांची ऊठबस, लहानग्यांचे रडणे हे सर्व त्याच खोलीत. अशा घरातील दहावीच्या मुलीने रात्री पुस्तक उघडावे ते कोठे? हाकेच्या अंतरावर बाके, दिवे आणि पंखे असलेली शाळा असते. पण ती कुलपात. विदर्भातील कडक उन्हामुळे तेथील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर अंगणही बंद आणि ग्रंथांची कपाटेही बंद.

शाळेचा उपयोग दिवसा शिकणाऱ्या मुलांपुरताच नसावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाच्या शाळेचा काय उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. पुढे मुंबईत रात्रशाळांची परंपराच निर्माण झाली. दिवसाची शाळा सुटली की त्याच इमारतीत, त्याच बाकांवर, दुकानांत व कारखान्यांत काम करणारे तरुण येऊन बसू लागले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांनी प्रौढांना अक्षरओळख करून देण्याचे काम अंगावर घेतले. या मोहिमेचा युनेस्कोने १९७२ साली गौरव केला.

इंग्लंडमध्ये हेन्री मॉरिस या शिक्षणाधिकाऱ्याने तर इमारत बांधतानाच हा विचार केला. केंब्रिजजवळील सॉस्टन या गावी १९३० साली उघडलेल्या त्याच्या ग्राम-विद्यालयात दिवसा मुले शिकत आणि संध्याकाळी त्यांचे आईबाप तेथील ग्रंथालयात व सभागृहात येत.

भारताच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेच्या वेळेबाहेर व सुटीच्या दिवशी शाळांच्या जागा प्रौढशिक्षणासाठी आणि समाजोपयोगी कार्यासाठी वापराव्यात, असे म्हटले आहे. तशा केंद्राला ‘सामाजिक चेतना केंद्र’ हे नावही तेथे सुचविले आहे. खरे पाहता, प्रसंग आला की कुलूप निघतेच. निवडणुकीच्या दिवशी वर्गाचे मतदान केंद्र होते. २०१९ साली कोल्हापूर व सांगली भागांत महापूर आला, तेव्हा कित्येक कुटुंबांनी शाळांमध्येच आसरा घेतला. संकटात जी इमारत सर्वांची असते, ती एरवी मात्र संध्याकाळी पाचनंतर कोणाचीच नसते, हे थोडे चमत्कारिकच नव्हे काय?

तरीही मुख्याध्यापकांना केवळ हट्टी म्हणून चालणार नाही. सकाळी वर्ग उघडावा तो बाक मोडलेले, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आणि मुलांनी काढलेले तक्ते फाटलेले, अशी भीती त्यांना वाटते आणि ती निराधार नसते. विजेचे देयक शाळेच्याच नावाने येते. काही बिघडले तर जाब मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. शिवाय लग्नाची वरात आणि मुलांची अभ्यासिका यांना एकाच मापाने मोजता येत नाही. ज्या कामाने दुसऱ्या दिवशीचा वर्ग अडेल, त्याला नकार देण्याचा अधिकार शाळेकडे असलाच पाहिजे.

म्हणून वस्तीतील मंडळी परवानगी मागावयास जातात, तेव्हा वाचनालय किती थोर किंवा व्यायाम किती हितकर हे सांगण्यात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. ते मुख्याध्यापकांना ठाऊक असते. अर्जात चार गोष्टी लिहाव्यात: किल्ली कोणत्या दोन जबाबदार माणसांकडे राहील, विजेचा खर्च कोण देईल, मोडतोड झाल्यास ती किती दिवसांत भरून दिली जाईल आणि सकाळी पहिली घंटा होण्यापूर्वी वर्ग झाडून, फळा पुसून कोण ठेवील.