जुन्या गाडीचा गारवा – भाग ४ : गॅस बदलला, तेलाचं काय?

मागच्या आठवड्यात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल अशी गॅसची फेरी आपण पुरी केली. त्या फेरीत गॅसबरोबर आणखी एक जण फिरत असतो. त्याचं नाव मी मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. ते म्हणजे तेल.

मामांच्या १९९१च्या गाडीत आर-१२ होता. ओझोनच्या थराला भोकं पाडणाऱ्या सीएफसी कुळातला हा गॅस १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्यामुळे मामांचा गॅस संपला तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "एकशेचौतीस मारून देतो, काही फरक पडत नाही." आर-१३४ए भरला, गाडी छान गार झाली. मामा खूश. मे महिन्यात कॉम्प्रेसर जाम झाला.

गाडीच्या एसीत बहुधा इंजिनासारखा तेलपंप नसतो. गॅसच तेलाला पाठीवर घेऊन फिरतो आणि कॉम्प्रेसरपर्यंत परत आणतो. आर-१२मध्ये खनिज तेल मस्त विरघळायचं. आर-१३४एमध्ये ते विरघळत नाही. मग तेल कंडेन्सरच्या तळाशी, कॉइलच्या वळणांत साचून बसतं, गॅस एकटाच फिरतो आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. त्यात आणखी एक गंमत आहे. आर-१२मधलं जे क्लोरीन ओझोनच्या मुळावर आलं, तेच कॉम्प्रेसरमधल्या धातूच्या घासणाऱ्या भागांवर पातळ थर धरून झीज कमी करायचं. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, म्हणजे तोही आधार गेला.

नवीन गाड्यांत पॅग तेल असतं. पण ते जुन्या यंत्रणेत उरलेल्या क्लोरीनशी नीट नांदत नाही, आणि डबा उघडा राहिला तर हवेतला ओलावा भराभर ओढतं. म्हणून गॅस बदललेल्या गाडीत सहसा एस्टर तेल घालतात. आधी जुनं तेल काढायचं: कॉम्प्रेसर खोलून उपडा करायचा, कंडेन्सर आणि कॉइल फ्लश करायची. ड्रायर नवाच हवा, कारण त्यातला ओलावा शोषणारा मसाला नव्या गॅसला चालणारा लागतो. ओ-रिंगही सगळ्या नव्या. होजपाइप मात्र धड असतील तर मी बदलायला सांगत नाही. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं रबर गॅस बऱ्यापैकी धरून ठेवतं. शेवटी निदान अर्धा तास व्हॅक्यूम.

आता भरण्याबद्दल. जुने मिस्त्री ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत गॅस सोडायचे. आर-१२ला ते बरोबर होतं. आर-१३४एला तीच सवय लावली तर गॅस हमखास जास्त भरला जातो. जुन्या मापाच्या साधारण ८० ते ९० टक्के वजनाने भरायचा, डोळ्यांनी नाही. नवा गॅस उन्हात जास्त दाबावर चालतो. कंडेन्सरमध्ये ६० अंशांना फरक सुमारे दहा टक्क्यांचा. थंड सकाळी तो कळतही नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सिग्नलला उभं राहिलं की कळतो. समोरून वारा नाही आणि गेजचा काटा चढत जातो. तिथे कंडेन्सरसमोरचा पंखा ठणठणीत लागतो आणि दाब फार वाढला की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच लागतोच लागतो.

"थेट भरा, काही बदलू नका" म्हणून काही जण ज्वलनशील हायड्रोकार्बनचं मिश्रण विकतात. कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, म्हणजे गळती थेट माणसांच्या पुढ्यात. माझं मत विचाराल तर नको.

आणि गॅस बदलल्यावर बॉनेटखाली तसं लेबल चिकटवा, तेलाच्या नावासकट. पुढचा मिस्त्री तुम्हाला ओळखत नसतो.

मामांच्या गाडीत दुसरा कॉम्प्रेसर बसवायच्या आधी आम्ही कॉइल काढून धुतली. तिच्यातून काळपट तेल निघालं, जवळजवळ अर्धी वाटी. मामा बराच वेळ त्या वाटीकडे बघत होते.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे, म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही कात्री लावली. युरोपात नव्या गाड्यांत आता आर-१२३४वायएफ येतो. तो पुढच्या आठवड्यात.

(क्रमशः)