आकाशांतील वाट कोणाची?

गहूं-हरभरा निघाला म्हणजे वर्ध्याच्या आसपासचीं शेतें मोकळीं होतात. दुपारीं तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढूं लागते व तिच्यावर घारी पंख न हलवितां घिरट्या घालतात. रेडिओच्या लहरींनीं चालवावयाचें बिनइंजिनाचें लहान विमान, म्हणजे ग्लायडर, ह्याच हवेवर तरंगतें. आपल्या मुलांस त्याची हौस लागल्यास कौतुक अवश्य करावें. पण दोन गोष्टी आधीं शिकवाव्या.

पहिली उड्डाणाची. जमिनींत खुंटी, खुंटीस रबरी दोर, त्यापुढें साधी दोरी व तिच्या टोंकास विमान, अशी ही मोठी गलोलच असते. उन्हाळ्यांत काळी जमीन भेगाळते. तींतून खुंटी उपटली, तर ताणलेल्या रबरासह ती थेट उडविणाराच्या तोंडावर येते. म्हणून घट्ट जागा पाहून लांब खुंटी ठोकावी व तिला मागच्या दुसऱ्या खुंटीचा आधार द्यावा. तोंड वाऱ्याकडे असावें, जवळ विजेच्या तारा नसाव्या, बघे पाठीमागें असावे आणि “सोडतों” असें मोठ्यानें सांगितल्यावांचून विमान सोडूं नये. सेकंदास १५ मीटर वेगानें येणाऱ्या किलोभर विमानाचा आघात तिमजली घराच्या गच्चीवरून पडलेल्या किलोभर दगडाएवढा असतो.

दुसरी गोष्ट वाटेची. उतरणाऱ्यास पहिली वाट, कारण त्याला पुन्हां वर चढतां येत नाहीं. समोरासमोर आल्यास दोघांनींहि उजवीकडे वळावें. टेकडीच्या उतारावर मात्र ज्याच्या उजव्या हाताला टेकडी, त्याला वळावयास जागाच नसते. तेथें दुसऱ्यानें बाजूस व्हावें. चढत्या हवेंत पहिला ज्या दिशेनें फिरत असेल, त्याच दिशेनें मागून येणारानें फिरावें. माणसें बसलेलें विमान दिसतांच सर्वांनीं खालीं उतरावें. २०२१ च्या ड्रोन-नियमांन्वयें सरकारी नकाशांतील लाल क्षेत्रांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून उड्डाण करतां येत नाहीं. पुलगांवच्या दारूगोळा-भांडाराजवळ तर तें मनांतहि आणूं नये.

शेतांतून जाणाऱ्या गुराख्यास ह्यांतील एकहि नियम ठाऊक नसतो. म्हणूनच त्याचा हक्क सर्वांआधीं. त्याला वांचविण्यासाठीं विमान बाभळींत घालावें लागलें, तर खुशाल घालावें. आपल्या मुलानें असें मोडकें विमान घरीं आणलें, तर त्याच्यावर रागावूं नये.